तुझ्या शाळेला लागलेला ‘द’

माय, आठवीच्या वर्गात आज तो धडा पुन्हा आला. दरवर्षी येतो. शाळा लागून पोरींना एकमेकींची नावं पाठ झाली की मी फळ्यावर तीन रकाने पाडते. एकात ‘अ’ आणि ‘ॲन’ लिहिते, दुसऱ्यात ‘द’, आणि तिसरा तसाच ठेवते. कुणी ना कुणी विचारतंच, मॅडम, तिसऱ्यात काय लिहायचं? मी सांगते, काही नाही. इंग्रजीत काही नामांच्या आधी हे छोटे शब्द लागतात, काहींच्या आधी काहीच लागत नाही, आणि कुठं काहीच लावायचं नाही हे कळणं सगळ्यात अवघड. पोरी हसतात, मीही हसते. पण त्या रिकाम्या रकान्याखाली ‘स्कूल’ लिहायची वेळ आली की माझं अक्षर बिघडतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की मी इंग्रजी शिकवते हेसुद्धा तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा माझं डी.एड. चालू होतं आणि पुढं कुठला विषय वाट्याला येईल हे माझं मलाच माहीत नव्हतं. त्यातून हा विषय यावा, आणि त्यातलाही हा धडा दरवर्षी माझ्या हातून शिकवला जावा, याला काय म्हणू?

तू शाळेत खिचडी शिजवायला लागलीस तेव्हा मी पाचवीत होते. घनसावंगीच्या अलीकडचं आपलं गाव, चहूकडं ऊस, मधेमधे कापसाचे तुकडे आणि गावाच्या टोकाला सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. लेकरांना दुपारी शिजवून घालायचं काम बायकांच्या बचत गटाला मिळालं, आणि बाकीच्या बायका एकेक करून गळाल्यावर ते तुझ्या एकटीच्या अंगावर पडलं. मोठे काका ओट्यावर बसून घरात तुला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आता आपल्या घरची सून गावाच्या लेकरायला रांधायला जाणार का?” त्यांचे धाकटे भाऊ, आपले आबा, बैलांना वैरण टाकत होते. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, “शाळंतच चालली ना. कुठं बाजारात तर न्हाई चालली.” तेवढ्यावर ते मिटलं. मला मात्र फार आनंद झाला होता. सकाळी आपण दोघी बरोबरच निघायचो. माझ्या पाठीवर दप्तर, तुझ्या डोक्यावर चुलीसाठी पऱ्हाट्यांचा भारा. रस्त्यात कुणी विचारलं, “कुठं चाल्ल्या माय-लेकी?” की तू म्हणायचीस, “शाळंत.” आपल्या भाषेत आपण दोघी एकाच ठिकाणी जात होतो.

शाळेच्या मागच्या भिंतीला टेकवलेलं ते पत्र्याचं शेड मला अजून दिसतं. दुपार व्हायच्या आधी पत्रा तापायला लागतो. तू पातेल्यात तेल टाकतेस, पदरानं डोळ्यांतला धूर पुसतेस, ठेचलेला लसूण सोडतेस आणि शेजारच्या वर्गात बसलेल्या आम्हा सगळ्यांची मान एकदम खिडकीकडं वळते. सर खडू ठेवून खिडकीशी येतात. “ताई, जरा उशिरा फोडणी देत जा. माझा धडा अर्धाच राहतो रोज.” तू म्हणतेस, “मंग जेवण उशिरा हुईल सर, चालतंय का?” सर लगेच म्हणतात, “नको नको.” हे सर अंबडहून काळ्या-पिवळ्या जीपनं यायचे, दोन्ही पाय आत मावायचे नाहीत इतकी भरलेली जीप, आणि शाळेत पोचले की आधी हौदावर तोंड धुवायचे. इंग्रजी तेच शिकवायचे. गावात इंग्रजी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळं ते बोलतात ते बरोबर की चूक हे तपासायची कुणाची टाप नव्हती. आता मागं वळून बघते तर बरोबरच बोलायचे, अगदी जपून, एकेक शब्द पारखून.

मी सहावीत असताना त्यांनी हा धडा घेतला. फळ्यावर ‘आय गो टू स्कूल’ लिहिलं आणि विचारलं, इथं ‘द’ का नाही? कुणालाच येईना. मग त्यांनी समजावलं. शाळा ज्या कामासाठी असते त्याच कामासाठी आपण गेलो, म्हणजे शिकायला गेलो, तर ‘स्कूल’च्या आधी काही लागत नाही. दुसऱ्या कामाला गेलो तर ‘द’ लागतो. “बढई बाक दुरुस्त करायला शाळेत आला. ही केम टू द स्कूल. शिकायला आला का तो? नाही. म्हणून द.” आम्ही माना हलवल्या, पण आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळलं असणार. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. खिडकीतून तू दिसत होतीस, पातेल्यावर झाकण ठेवताना. “हे बघा, हिची आई. ही रोज शाळेत येते, हिची आईपण रोज शाळेत येते. बरोबर? पण हिच्यासाठी, शी गोज टू स्कूल. आणि आईसाठी, शी गोज टू द स्कूल.” सगळ्या वर्गानं वळून तुझ्याकडं पाहिलं. त्यातलं ‘स्कूल’ तुला कळलं असावं. तू झाकण हातात धरून हसलीस. आणि नियम एका झटक्यात सगळ्यांना समजला. त्यात सरांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. इतकं सरळ उदाहरण मला इतक्या वर्षांत दुसरं सापडलेलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस आणि मी चुलीपुढं बसले होते. “सर माहं काय म्हणत व्हते गं?” तू विचारलंस. मी उत्साहानं सगळं सांगितलं, जसं वर्गात ऐकलं तसं. तुझे हात चालूच होते.

“म्हंजी तू जाती ती शाळा येगळी आन मी जाते ती येगळी?”

“न्हाई गं. शाळा एकच हाय. काम येगळं.”

“काम तर दोघींचं बी लेकरायचंच हाय.”

“तू शिकायला न्हाई ना जात.”

तू भाकर तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस. “हां, ते बराबर हाय,” म्हणालीस. “मी कुठं शिकायला जाते.” मला वाटलं संपलं. आबा जेवून बाहेर गेले, मी ताटं गोळा करायला लागले, आणि तू चुलीतली लाकडं मागं ओढताना एकदम विचारलंस, “आन ते काढायचं आसंल तर?”

“काय?”

“ते द.”

मी हसून म्हणाले, “मंग शिकायला यावं लागंल तुला.” मी बारा वर्षांची पोर होते. मला ते विनोदासारखं वाटलं होतं. तुझं माहेर पिंपळगाव रेणुकाईकडलं, तिथं तू चौथी पास झालीस त्याच साली मामा जन्मला आणि त्याला सांभाळायला तुला घरी ठेवून घेतलं, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. ते नंतर मावशीनं सांगितलं. तू स्वतःच्या तोंडानं कधी ते तक्रारीसारखं बोलली नाहीस. मामाचं नाव निघालं की उलट कौतुकानंच म्हणायचीस, माह्या कडंवर वाढलाय तो.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर हौदावर हात धूत होते, तेव्हा तू त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिलीस. मी पलीकडंच होते. “सर, भांडे घासून झाल्यावर मी मागं बसले तर चालंल का?” सरांना कळलं नाही. “मागं म्हणजे कुठं?” “वर्गात. शेवटच्या तासाला.” सर हसले नाहीत. त्यांनी रुमालानं हात पुसले, जरा विचार केला, आणि म्हणाले, “बसा की. पण मी सगळ्यांना विचारतो तसं तुम्हालाही विचारणार. उत्तर द्यावं लागेल.” तू म्हणालीस, “यील तसं दीन.” त्या दिवशी तू भांडी इतक्या जल्दी घासलीस, की पातेल्याचा तळ काळाच राहिला होता.

मग ते दिवस सुरू झाले. माय, माझ्या सगळ्या शिक्षणात ते दिवस मला सगळ्यात जवळचे आहेत. तू मागच्या बाकावर, भिंतीला लागून बसायचीस. तुझ्या हातांना राखेचा आणि लसणाचा वास यायचा आणि तो वर्गभर पसरायचा. पहिल्या दिवशी पोरं वळून वळून पाहत होती, मग त्यांना सवय झाली. सर मोजता येणाऱ्या वस्तू शिकवत होते. पुस्तक मोजता येतं, अ बुक. कावळा मोजता येतो, अ क्रो. तांदूळ मोजता येत नाही, म्हणून अ राइस म्हणायचं नाही. मागून तुझा आवाज आला, “येतो की मोजता. मी रोज मापानं घेते.” वर्ग खो खो हसला. सर म्हणाले, “तुम्ही माप मोजता ताई. एक तांदूळ, दोन तांदूळ असं करता का?” “तसं केल्यावर लेकरं उपाशी मरतील ना.” “म्हणूनच. नुसता तांदूळ म्हटलं की आधी काही नाही. पण तुम्ही आज शिजवलेला, तो खाली लागलेला तांदूळ म्हटलं, की द राइस.” त्या दिवशी खिचडी खरंच खाली लागली होती. तू तोंडाला पदर लावून हसत राहिलीस.

असा एकही दिवस जायचा नाही की तू काही विचारलं नाहीस. सूर्य एकच म्हणून द सन, चंद्र एकच म्हणून द मून, असं सर सांगत होते, तर तू म्हणालीस, “माय बी एकच असती. तिला लागतो का द?” सर फळ्याकडं वळले. मग त्यांनी फळ्यावर ‘माय मदर’ लिहिलं आणि सांगितलं, इंग्रजीत माझं, माझी याला ‘माय’ म्हणतात, आणि तो शब्द आधी आला की ‘द’ला जागा राहत नाही. तुझा चेहरा असा उजळला! “इंग्रजीत माहं म्हणायला माय म्हणतेत? आन माय आली की द भाईर?” सर म्हणाले, “असंच समजा.” नद्यांच्या नावाआधी ‘द’ लागतो, द गोदावरी, पण गावांच्या नावाआधी काही लागत नाही, हे कळल्यावर तू म्हणालीस, मंग द म्हंजी मान हाय, गोदामायला हाय आन आपल्या गावाला न्हाई. सरांनी किती समजावलं, की हा मान नाही, नुसती ओळख आहे. पण तुला मानाचंच पटलं होतं. घरी आल्यावर तू प्रत्येक गोष्टीला ‘द’ लावायला लागलीस. द म्हैस पाजून आणा. द कंदील पुसा. आबा काही दिवस गप्प ऐकत होते. एकदा जेवता जेवता त्यांनी मला विचारलं, “ते एकाला लावायचं कोणतं म्हणली तू?” मी सांगितलं, एखाद्या कुणालाही म्हणायचं असलं तर अ, आणि ठरलेल्या एकाला द. “मंग मी कोण हे? अ नवरा का द नवरा?” तू म्हणालीस, “आत्ता तर द. पण भांडे उचलून ठिवले न्हाई तर बघावं लागंल.” आबांनी त्या दिवशी स्वतःचं ताट स्वतः उचललं. आपल्या घरात तेवढं मोठ्यानं हसलेलं मला दुसऱ्या कुठल्या दिवशी आठवत नाही.

मी सातवीत गेले आणि मधेच सरांची बदली झाली. भोकरदनकडं. निरोपाच्या दिवशी तू त्यांच्यासाठी वेगळी, तूप घालून खिचडी केलीस आणि ते दोनदा मागून जेवले. त्यांच्या जागी नवे सर आले, आणि पाठोपाठ नवे मुख्याध्यापकही. ते वाईट नव्हते. आल्या आल्या त्यांनी शेडला धुरासाठी झरोका पाडून घेतला. पण तुला वर्गात बसलेलं पाहून ते अवघडले. एक दिवस त्यांनी तुला ऑफिसच्या दाराशी बोलावलं. मी व्हरांड्यात होते. “ताई, तुमची आवड चांगली आहे. पण लेकरांच्या वर्गात मोठ्या बाईनं बसणं बरं दिसत नाही. तपासणीला साहेब आले तर मी काय सांगू, ही कोण म्हणून?” मला वाटलं काहीतरी बोलशील. सरांना मापाचं बोलली होतीस तसं. तू म्हणालीस, “बराबर हाय सर तुमचं. मी न्हाई बसत.” एवढंच. शेवटच्या तासाला मी बाकावर बसले होते आणि भिंतीपलीकडून तुझ्या भांड्यांचा आवाज येत होता, रोजच्यापेक्षा सावकाश. आता घाई करायचं काही कारण नव्हतं.

तुला कुणी हाकललं नाही. कुणी वावगा शब्द बोललं नाही. म्हणून कुणाशी भांडताही आलं नाही, आणि हेच मला इतकी वर्षं सलतं. भांडण झालं असतं तर आबा निदान एकदा शाळेत गेले असते. कुणीतरी म्हणालं असतं, बसू द्या, कुणाचं काय बिघडतंय. ते वाक्य बोलायला जे माणूस हवं होतं ते आपल्याजवळ नव्हतं. सर होते, तर ते भोकरदनला. ‘ही कोण’ या प्रश्नाचं उत्तर त्या मुख्याध्यापकांना ठाऊक नव्हतं आणि तुलाही ते देता आलं नाही. त्या रात्री की दुसऱ्या दिवशी, नक्की आठवत नाही, तू माझी वेणी घालताना म्हणालीस, “तू शीक बराबर. मंग सुट्टीत मला शिकीव घरी. घरच्या शाळंला कोण इचारतंय.”

पुढं मी आठवीला जीपनं घनसावंगीला जायला लागले, मग अंबडला, मग डी.एड.साठी जालन्याला. प्रत्येक सुट्टीत आपण दोन-चार दुपारी बसलोही. पण दिवाळीत कापूस वेचायला आलेला असायचा, त्यानंतर उसाची तोड, उन्हाळ्यात लग्नं. तू पुस्तक घेऊन बसलीस की कुणीतरी दारात यायचं, आणि तू पुस्तक उलटं ठेवून उठायचीस. “उद्या बसू,” म्हणायचीस. मीही म्हणायचे, उद्या बसू. तुझी अक्षरं हळूहळू पुसट होत गेली, पण ‘द’ तेवढा टिकला. मी जालन्याहून फोन केला की तू विचारायचीस, “आज काय शिकवलं? कशाला लागतो म्हणले, कशाला न्हाई?” माझ्या वर्गात तेव्हा बालमानसशास्त्र चाललेलं असायचं. मी जुनंच काहीतरी सांगायचे. बेड, चर्च, मार्केट. तुला खूप बरं वाटायचं ऐकून.

मग तुला दम लागायला लागला. आधी चढावर, मग पातेलं उचलताना, मग नुसतं बसल्या जागी. घनसावंगीच्या डॉक्टरांनी जालन्याला पाठवलं. तिथं डॉक्टर बाईंनी विचारलं, चुलीवर स्वयंपाक करता का? तू म्हणालीस, सगळ्याच करतेत. तुला दाखल करून घेतलं. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट होती. मी कॉलेज सुटलं की तडक यायचे आणि भेटीची वेळ संपेपर्यंत बसायचे. एका दुपारी तुला जरा बरं वाटत होतं. नळी नाकाला होती, पण तू उशीला टेकून बसली होतीस आणि समोरच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेबद्दल मला काहीबाही सांगत होतीस. मधेच थांबून म्हणालीस, “दवाखान्याला लागतो का गं?”

“काय लागतो?”

“द.”

मी सांगितलं, दवाखान्याचंही शाळेसारखंच आहे. आजारी माणूस उपचाराला दाखल झालं असलं तर शी इज इन हॉस्पिटल, काही लागत नाही. भेटायला आलेलं माणूस असलं तर त्याच्यासाठी लागतो, द हॉस्पिटल.

तू आधी माझ्याकडं बोट केलंस, नंतर स्वतःकडं. मग म्हणालीस, “म्हंजी तुला लागून राह्यला आन मला न्हाई.”

“हो.”

“जमलं मंग एकदाचं,” तू म्हणालीस आणि हसायला लागलीस, हसता हसता तुला खोकला आला, मी पाठीवर हात फिरवला. मला तुझ्यासारखं हसता आलं नाही. ज्यासाठी ते ठिकाण असतं त्यासाठी तिथं जायचं, हे तुला मिळालं होतं, पण कुठं मिळालं होतं! तेवढ्यात नर्स आली आणि भेटायला आलेल्या सगळ्यांनी बाहेर व्हा म्हणून ओरडली. मी पिशवी उचलली. तू नळी नीट करत म्हणालीस, “जा माय जल्दी. जीप चुकंल.” मी गावाकडं नव्हे, होस्टेलवर जाणार होते, तिथं जायला जीप लागत नव्हती. तू विसरली होतीस. मी तुला दुरुस्त केलं नाही. त्यानंतर तू पाण्याचं बोललीस, आबांच्या जेवणाचं बोललीस, पण अशी बोलली नाहीस. पोळ्याच्या आधी तू गेलीस.

निकाल लागला, नोकरीला वेळ लागला, पण लागली, अंबडलाच. गावातली शाळा आता पक्क्या खोल्यांची झाली आहे. खिचडी गॅसवर शिजते, आणि ती शिजवणारी बाई वर्गाकडं बघतसुद्धा नाही, तिला घरी जायची घाई असते. मी एकदा मुद्दाम जाऊन आले, आणि पुन्हा गेले नाही. शिकवताना मी बढई घेते, लाइट दुरुस्त करणारा माणूस घेते, मुलाला आणायला आलेले वडील घेते. तुला घेत नाही. पोरींना नियम कळतो, थोडा उशिरा कळतो इतकंच. खरं सांगायचं तर, तुला या वाक्यातून बाहेर ठेवलं म्हणजे काहीतरी दुरुस्त होईल, असं मला सुरुवातीला वाटायचं. तसं काही होत नाही. जे राहून गेलं ते राहूनच गेलं. एका शेवटच्या तासाचं तर मागणं होतं तुझं.

गेल्या रविवारी जालन्याला एका लग्नात सर भेटले. मी ओळखलं नसतं, त्यांनीच ओळखलं, चेहऱ्यावरून म्हणे. पार पांढरे झाले आहेत, कानाला मशीन आहे, पण कपडे तसेच कडक इस्त्रीचे. मी इंग्रजी शिकवते म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. मी धीर करून विचारलं, “सर, स्कूल आणि द स्कूल समजावताना तुम्ही एकदा माझ्या आईचं उदाहरण दिलं होतं, आठवतं?” त्यांनी आठवायचा खरंच प्रयत्न केला. “आईचं? मी तर बढई घ्यायचो गं नेहमी.” त्यांना ते उदाहरण अजिबात आठवत नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि मग वाटलं, का आठवावं त्यांनी? त्यांचा तो एक तास होता. त्यांची पत्नी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिला माझी ओळख करून देताना ते म्हणाले, “ही आणि हिची आई, दोघी माझ्या विद्यार्थिनी. एकाच वर्गात.” ती बाई चकित झाली. “आई पण?” “हो तर. मागच्या बाकावर बसायच्या. असे प्रश्न विचारायच्या, की मी घरून तयारी करून जायचो.” त्यांनी खिचडीचा उल्लेखसुद्धा केला नाही, माय. त्यांना पातेलं आठवलं नाही, शेड आठवलं नाही. तू तेवढी आठवलीस.

मग ते मशीन नीट करत माझ्याकडं वाकले. “कशा आहेत त्या? कुठं असतात आता?” पंगत उठत होती, मागं बँड वाजत होता, लोक आमच्या मधून ये-जा करत होते. मी म्हणाले, “बरी आहे. गावीच असते.” “माझा नमस्कार सांग त्यांना,” सर म्हणाले. “नक्की सांग हं, विसरू नकोस.” मी सांगते म्हणाले.

त्यांनी पत्ता दिला होता. आज वर्ग आटोपून घरी आले ती त्यांनाच लिहायला बसले होते, खरं काय ते कळवायला. पहिली ओळ जुळेना, आणि हात तुझ्याकडं वळला. आता इतकं लिहून झाल्यावरही त्यांना लिहायचा कागद कोराच आहे, आणि तो कोराच राहील असं दिसतं. जगात एक माणूस असा आहे, ज्याच्या लेखी तू अजून गावी आहेस आणि त्याची विद्यार्थिनी आहेस. मला ते मोडवत नाही. सरांनी तुला नमस्कार सांगितला आहे.